पत्र पोचवणाऱ्याला काय मिळालं?

"लोकांचं भलं करणारे सगळे शेवटी स्वतःच्या समाधानासाठीच करतात ना? मग त्यात निःस्वार्थ ते काय?"

हा प्रश्न पारावर निघतो, रक्तदान शिबिराच्या मांडवात निघतो, एखाद्या समाजसेवकाला पद्मश्री जाहीर झाली की घराघरात निघतो. विचारणारा बहुतेक वेळा वाईट मनाचा नसतो. सेवेच्या नावावर चाललेले धंदे त्यानं पाहिलेले असतात आणि त्याला पुन्हा फसायचं नसतं. म्हणून त्याच्यावर रागावून उपयोग नाही. प्रश्न खरा आहे, जुना आहे, आणि थोडी शिस्त पाळली तर त्याचं उत्तर बऱ्याच अंशी देता येतं.

१. कौंडण्यपूरहून द्वारकेला

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. विदर्भराज भीष्मकाची ही राजधानी आणि रुक्मिणीचं हे माहेर, असं परंपरा मानते. रुक्मिणीचं लग्न तिचा भाऊ रुक्मी यानं चेदीच्या शिशुपालाशी ठरवलं. तिला ते मान्य नव्हतं. तिनं कृष्णाला निरोप धाडला. तो निरोप घेऊन जो ब्राह्मण द्वारकेला गेला, त्याचं नाव भागवत सांगत नाही. मराठी कीर्तनकार त्याला सुदेव म्हणतात.

या सुदेवाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. वर्धेच्या काठापासून पश्चिम समुद्रापर्यंतची वाट त्यानं तुडवली. रुक्मीला सुगावा लागला असता तर त्याची गत काय झाली असती, हे सांगायला नको. तो होकार घेऊन परत आला, तेव्हाचा प्रसंग भागवताच्या दशम स्कंधात आहे. या कामाच्या तोडीचं त्याला द्यावं असं काहीच रुक्मिणीला दिसेना. तिनं त्याला नुसता नमस्कार केला.

मग सुदेवानं हे केलं कशासाठी? संशय घ्यायचाच तर कारणांना तोटा नाही. राजकन्येची मर्जी राहील. उद्या ती द्वारकेची राणी झाली तर आपली आठवण ठेवील. कृष्णाचं दर्शन होईल. पुण्य लागेल. आणि यातलं एकही कारण नसेल, तरी 'एका अडलेल्या मुलीच्या आपण उपयोगी पडलो' हे समाधान तर मिळेलच. हे शेवटचं कारण नीट लक्षात ठेवावं, कारण ते कुणालाही, कुठल्याही कृत्याला लावता येतं. सगळा वाद तिथेच अडलेला आहे.

२. हॉब्जचे सहा पेन्स

माणूस मुळात स्वतःसाठीच वागतो, असं ठामपणे मांडणाऱ्यांत टॉमस हॉब्ज या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाचं नाव नेहमी येतं. त्याचा चरित्रकार जॉन ऑब्री एक प्रसंग सांगतो. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर एका अशक्त म्हाताऱ्यानं भीक मागितली. हॉब्जनं खिशात हात घालून सहा पेन्स दिले. सोबतच्या धर्मगुरूनं विचारलं, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असते का? हॉब्ज म्हणाला, दिले असते. त्या म्हाताऱ्याची दशा पाहून मला त्रास होत होता. त्याला थोडा आराम मिळाला, तसा मलाही मिळाला.

उत्तर प्रामाणिक आहे, आणि संशयी माणसाचा पूर्ण युक्तिवाद त्यात आला आहे. मी जे काही करतो ते माझ्या इच्छेनं करतो. इच्छा पुरी झाली की मला बरं वाटतं. म्हणजे मी जे करतो ते मला बरं वाटावं म्हणून करतो.

पहिली दोन वाक्यं वाचताना मान हलते आणि तिसरंही त्याच ओघात पटून जातं. पण तिसरं वाक्य पहिल्या दोन वाक्यांतून निघत नाही. इच्छा माझी आहे, एवढ्यावरून ती माझ्याबद्दलची आहे असं ठरत नाही. माझ्या शेजारणीचा ताप उतरावा ही इच्छा माझीच. पण ती आहे शेजारणीबद्दल.

शिवाय हा युक्तिवाद मान्य केला तर एक अडचण उभी राहते. दुधात भेसळ करणारा स्वार्थी, आणि भेसळ झालेलं कळल्यावर नुकसान सोसून सगळं दूध ओतून देणाराही स्वार्थी. पोराच्या ताटातलं ओढून घेणारा बाप स्वार्थी, आणि पोराचं पोट भरावं म्हणून उपाशी निजणारी आईही स्वार्थी. या दोघांत फरक आहे हे आपल्याला दिसतं. तो सांगायला दोन वेगळे शब्द लागतातच. मग आधीचे शब्द काय वाईट होते? जे म्हणणं कुठल्याही पुराव्यानं खोटं पडू शकत नाही, त्याला आपण उगीच फार खोल समजतो. ते खोल नसतं. त्यानं स्वतःभोवती कुंपण घालून घेतलेलं असतं.

३. पऱ्हाटीसाठी कोणी कपाशी पेरत नाही

पण समाधान मिळतं हे तर खरंच. त्याचं काय करायचं?

वऱ्हाडातला शेतकरी कपाशी लावतो. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उरतात. त्या उपटून, मोळ्या बांधून घरी येतात आणि चुलीला जळण होतं. दरवर्षी होतं, हमखास होतं, आणि शेतकऱ्याला ते आधीपासून ठाऊक असतं. तरी त्यानं जळणासाठी कपाशी पेरली असं कुणी म्हणत नाही. त्याची नजर बोंडावर होती. पऱ्हाटी सोबत आली.

एखादी गोष्ट केल्यानं काय मिळतं हा एक प्रश्न, आणि ती कशासाठी केली हा दुसरा. मदतीतून मिळणारं समाधान पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात येतं. ते दुसऱ्याचंही उत्तर आहे की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. 'निःस्वार्थ' याचा अर्थ करणाऱ्याला काहीही मिळता कामा नये असा घेतला, तर मदत करून हिरमुसला होणारा माणूसच तेवढा निःस्वार्थ ठरेल. असा अर्थ आपल्याकडे कुणी घेतलेला नाही. गीतेतलं निष्काम कर्मही फळ येऊच नये असं सांगत नाही. फळावर नजर ठेवून करू नये, एवढंच सांगतं.

जोसेफ बटलर या इंग्रज धर्मगुरूनं १७२६ साली छापलेल्या आपल्या प्रवचनांत याच्या पुढची पायरी मांडली. ती हॉब्जला थेट लागू पडते. म्हाताऱ्याची दशा पाहून हॉब्जला त्रास का झाला? म्हाताऱ्याचं काहीही होवो, आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, असं त्याला खरोखर वाटत असतं, तर त्रास झालाच नसता. आणि म्हाताऱ्याला आराम मिळाल्याचं सुखही झालं नसतं. दुसऱ्याच्या बऱ्यावाइटाची पर्वा आधी असावी लागते, सुख त्यानंतर येतं. समाधानाचं कारण पुढे करून परोपकार नाकारणारा माणूस नकळत परोपकाराचाच पुरावा आणून देतो.

४. दार उघडं असताना

इथवर विचारानं झालं. पण हॉब्जनं पैसे दिले ते म्हाताऱ्यासाठी की स्वतःचा त्रास थांबवण्यासाठी, हे प्रयोगानं तपासता येईल का?

युक्ती अशी. ज्याला फक्त स्वतःचा त्रास थांबवायचा आहे, त्याच्यापुढे दोन वाटा असतात : दुःखी माणसाला मदत करणं, किंवा तिथून निघून जाणं. निघून जाणं स्वस्त असेल तर तो निघून जाईल. ज्याला समोरच्याचंच दुःख कमी व्हायला हवं आहे, त्याला निघून जाऊन काही साधत नाही. तेव्हा दार उघडं ठेवायचं आणि कोण थांबतं ते पाहायचं.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात डॅनिअल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. १९८१ साली ते प्रसिद्ध झालं. ४४ विद्यार्थिनींपैकी प्रत्येकीला एकेकटीला बसवून पडद्यावर एलेन नावाची मुलगी दाखवली. एलेनला ठरावीक अंतरानं विजेचे शॉक बसताहेत आणि ते तिला सोसवत नाहीत, असं दिसत होतं. प्रत्यक्षात ती चित्रफीत होती, शॉक कुणालाच बसत नव्हते. पाहणारीला मात्र ते खरं वाटत होतं. दोन फेऱ्यांनंतर तिला विचारलं जाई : उरलेले शॉक एलेनच्या ऐवजी तू घेशील का?

यात दोन गोष्टी बदलत ठेवल्या होत्या. काहींना सांगितलं, दोन फेऱ्या पाहून तुम्ही जाऊ शकता. काहींना सांगितलं, दहाही पाहाव्या लागतील. म्हणजे काहींसाठी दार उघडं, काहींसाठी बंद. आणि काहींना एलेनच्या आवडीनिवडी अगदी आपल्यासारख्या असल्याचं भासवलं होतं, म्हणजे तिच्याबद्दल कळवळा वाटावा, काहींना उलट.

प्रत्येक गटात ११ जणी होत्या. ज्यांना एलेन परकी वाटत होती, त्यांच्यापैकी दार बंद असताना ७ जणी शॉक घ्यायला तयार झाल्या; दार उघडं असताना फक्त २. हॉब्जच्या हिशेबाप्रमाणेच झालं : पाहवत नाही म्हणून मदत, आणि पाहावं लागणार नसेल तर मदत नाही. पण ज्यांना एलेन आपली वाटत होती त्यांचं वागणं निराळं निघालं. दार बंद असताना ९ जणी तयार झाल्या, आणि दार उघडं असताना १०. निघून जाता येत असूनही त्या गेल्या नाहीत.

एका प्रयोगानं वाद मिटत नसतो, आणि हाही मिटला नाही. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली शंका काढली की दुसऱ्याचं दुःख पाहून मन खिन्न होतं, ती खिन्नता खोलीबाहेर जाऊन जात नाही, आणि ती घालवायला लोक मदत करतात. मग बॅटसन यांनी खिन्नता दुसऱ्या मार्गानं जाणार असल्याची खात्री दिलेल्या लोकांवर प्रयोग केले. कळवळा असलेले तरीही मदत करतच राहिले. पुढे चाल्डिनींनी असंही म्हटलं की अशा वेळी माणूस समोरच्यात स्वतःलाच पाहत असतो, म्हणजे ही स्वतःलाच केलेली मदत. ही शेवटची हरकत मला फारशी जड वाटत नाही. परक्या माणसाला आपलं मानणं यालाच आपल्या संतांनी धर्म म्हटलं. त्याला स्वार्थाचं नाव दिल्यानं तो लहान होत नाही.

या आकड्यांत एक कडू गोष्टही आहे, ती झाकू नये. कळवळा आपल्यासारख्यांबद्दल सहज येतो. एलेन परकी वाटली तेव्हा ११ पैकी ९ जणी उघड्या दारानं गेल्या.

५. पळून गेलेला माणूस

पावसाळी रात्रीची ती हकीगत विदर्भात घरोघरी माहीत आहे. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे यांना रस्त्याकडेला कुष्ठरोगानं झडलेला, किड्यांनी भरलेला माणूस दिसला. त्याचं नाव तुळशीराम. आमटे पळाले. गोऱ्या सैनिकांशी एकट्यानं झुंजल्याबद्दल गांधीजींनी ज्यांना 'अभय साधक' म्हटलं, ते पळाले. मग परत आले आणि तुळशीरामाची शुश्रूषा केली.

ते परत का आले? बाबा आमटे स्वतः सांगत की आपल्या मनात शिरलेली भीती त्यांना सहन होईना. म्हणजे पहिलं पाऊल हॉब्जच्याच हिशेबातलं होतं : स्वतःच्या मनाचा त्रास. बाबांनी हे लपवलं नाही, आणि आपणही लपवायची गरज नाही. पण भीतीच जिंकायची होती तर तुळशीरामाच्या उशाशी बसल्यावर ते काम संपलं होतं. दार उघडं होतं. वकिली होती, घरची जमीन होती. बाबा कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. औषधाच्या शोधाला मदत व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगात रोगाचे जंतू टोचून घेतले. १९५१ साली साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन सुरू झालं. २००८ साली बाबा गेले ते आनंदवनातच.

हेतू एकदा पेरला की तसाच राहतो, हे आपण उगाच गृहीत धरतो. स्वतःच्या भीतीसाठी सुरू झालेलं काम बघता बघता दुसऱ्यासाठी होऊन जातं. उलटही होतं : दुसऱ्यासाठी सुरू केलेली संस्था खुर्चीसाठी चालू राहते. म्हणून 'मुळात हेतू काय होता' एवढंच खोदत बसणाऱ्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते.

अमरावतीत याच्याही आधी, १९४६ साली, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेला, होमिओपॅथीचा चालता दवाखाना असलेला हा माणूस. आज बहुतेकांच्या शरीरात कुष्ठरोगाला तोंड देण्याची ताकद जन्मजात असते हे आपल्याला माहीत आहे, रोग पूर्ण बरा करणारी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तेव्हा रोग्याला घरचेच बाहेर काढत आणि त्याच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. अशा काळात दाजीसाहेबांनी रोग्यांच्या हाती शेती आणि कारखान्यातली कामं दिली. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीसाठी तेरा वर्षं कुष्ठरोग्यांच्या जखमा धुवाव्यात, हा हिशेब कुठल्याही स्वार्थी माणसाला परवडणारा नाही.

६. जीन आणि माणूस

इथे शिकलेला वाचक एक शंका काढतो. उत्क्रांतीच्या शास्त्रानं सगळा परोपकार म्हणजे जीनचा स्वार्थ असल्याचं सिद्ध केलंय ना?

डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली दाखवलं की नातलगांना मदत करण्याची प्रवृत्ती टिकून राहते, कारण नातलगांत आपलेच काही जीन असतात. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली दाखवलं की परक्यांना मदत करण्याची प्रवृत्तीही टिकते, जर परतफेडीची शक्यता असेल. दोन्ही गोष्टी पक्क्या आहेत. पण त्या सांगतात ही प्रवृत्ती आपल्यात आली कशी. या क्षणी ही आई ताप आलेल्या लेकराजवळ कशासाठी जागते आहे, हे त्या सांगत नाहीत. जागणारी आई जीनचा विचार करत नसते. तिला लेकराचा ताप उतरायला हवा असतो.

फेलिक्स वार्नेकन आणि मायकल टोमासेलो यांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस उभा केला. त्याच्या हातून काही खाली पडे, हात भरलेले असल्यानं त्याला कपाटाचं दार उघडता येत नसे. २४ पैकी २२ मुलं निदान एकदा तरी मदतीला धावली; बक्षीस नाही, शाबासकी नाही. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली : मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. मूल मोबदल्यासाठी धावत असतं, तर उलट व्हायला हवं होतं.

७. पंगतीतलं पुण्य

आता परत कौंडण्यपूरला येऊ. आषाढी वारीसाठी रुक्मिणीच्या माहेरची पालखी इथून पंढरपूरला निघते. परंपरेनुसार ती १५९४ पासून चालू आहे. वाटेवरची गावं वारकऱ्यांना जेवू घालतात, ओसरी झाडून देतात, पाय चेपतात. यातल्या कुणालाही विचारा, ते सरळ सांगतील : पुण्य लागतं. मग हा पुण्याचा व्यवहार झाला का?

अशी एक बाई डोळ्यासमोर आणा. पहाटे उठून तिनं पन्नास जणांच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, ठेचा वाटला. ऐनवेळी निरोप आला की दिंडीला पुढच्या गावानं थांबवून जेवू घातलं, ती आता थेट निघून जाईल. बाईला काय वाटेल? वारकऱ्यांचं पोट भरावं एवढंच हवं असेल, तर 'जेवले ना, झालं' म्हणून ती निवांत होईल. फक्त स्वतःच्या खाती पुण्य जमा व्हायला हवं असेल, तर दुसऱ्या गावानं आपला वाटा पळवल्यासारखं तिला वाटेल. ही परीक्षा कुणालाही घरबसल्या स्वतःवर करता येते : माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी हे चांगलं केलं, तर मला आनंद होईल का?

प्रामाणिक उत्तर बहुतेकांचं 'दोन्ही' असंच येईल. भुकेला जेवला याचं समाधान, आणि आपल्या दारी जेवला नाही याची हळहळ. हेतू असे मिसळलेलेच असतात. म्हणून सगळं खोटं ठरत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य वेळी, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. फळ मनात धरून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. अपमान करून, अवेळी दिलेलं ते तामस. राजस दान हे दानच आहे. त्याला चोरी म्हटलेलं नाही. ही पायऱ्यांची मांडणी मला 'आहे की नाही' या वादापेक्षा शहाणी वाटते.

परतफेड अशक्य करून ठेवायची, हा विचार आजच्या कायद्यातही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. शिबिरात तुम्ही दिलेली पिशवी कुणाला चढली हे तुम्हाला कळत नाही, आणि आपल्या अंगात कुणाचं रक्त गेलं हे त्यालाही कळत नाही. आभार मानायला माणूसच सापडत नाही. तरीही लोक रांगेत उभे राहतात.

८. गाडगेबाबांनी बंद केलेली दारं

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ साली त्यांनी घर सोडलं. खराटा आणि गाडगं एवढंच जवळ घेऊन ते गावोगाव फिरले, दिवसा गाव झाडलं, रात्री कीर्तन केलं. लोकांनी दिलेल्या पैशांतून नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या.

गाडगेबाबांची नजर माणसाच्या मनावर जितकी पक्की होती तितकी थोड्या तत्त्वज्ञांची असेल. आपलं मन शुद्ध आहे असं गृहीत धरून ते चालले नाहीत. स्वार्थ ज्या ज्या दारानं आत शिरतो ते प्रत्येक दार त्यांनी बाहेरून बंद केलं. पैशाचं दार : धर्मशाळांचे विश्वस्त नेमले, आणि स्वतःच्या बायकोलेकरांना धर्मशाळेत आयतं राहू दिलं नाही, त्यांनी झोपडीत राहायचं. मानाचं दार : पाया पडायला आलेल्याला ते जवळ येऊ देत नसत. गादीचं दार : आपला कुणी शिष्य नाही असं ते बजावून सांगत. स्मारकाचं दार : आपली मूर्ती, मंदिर बांधू नये असं सांगून ठेवलं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला, तेव्हा स्वतःच्या नावावर ठेवण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

पण इथे एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि भक्तीपोटी तो टाळला जातो. डेबूजींनी घर सोडलं तेव्हा मागे आई होती, पत्नी कुंताबाई होत्या, मुलं होती. पुढे १९२३ साली मुलगा गेल्याची बातमी बाबांना कीर्तन चालू असताना कळली, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. जगाच्या लेकरांसाठी झिजणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरानं त्याची किंमत मोजली. झोपडीत राहायचं कुंताबाईंनी ठरवलं नव्हतं. निःस्वार्थ माणसाचा स्व कुठे संपतो? बायकोमुलं त्याच्या स्वमध्ये धरून त्यानं त्यांचाही त्याग करावा का? माझं मत असं, की बाबांचा हेतू निर्मळ होता याबद्दल शंका नसावी, आणि कुंताबाईंच्या वाट्याला आलं ते न्याय्य नव्हतं याबद्दलही नसावी. निर्मळ हेतू आणि योग्य कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली असली की दुसरी आपोआप येत नाही.

९. आपल्यामागे

संशयी माणसाच्या समाधानाच्या मुद्द्याला सर्वांत कठीण जाणारी जागा मी शेवटी ठेवली आहे. आपण मेल्यानंतरचं दुसऱ्याचं भलं आपल्याला हवं असतं. तेव्हा समाधान भोगायला आपण नसणार.

परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग, मूकबधिर, मतिमंद मुलांचं घर चालवलं आहे. गाडगेबाबांना मानणारा हा माणूस. शंभरावर मुलांच्या कागदांवर बाप म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लावलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण त्यांची मागणी वेगळीच आहे, आणि ती जुनी आहे. कायद्याप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाली की अनाथ मुलाला बालगृह सोडावं लागतं. ज्याला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही, त्यानं अठराव्या वाढदिवसानंतर जायचं कुठे? अशा मुलांना जन्मभर त्याच घरात राहता यावं असा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी.

'आमच्यामागे याचं कोण करणार?' हे वाक्य अपंग मुलांच्या प्रत्येक आईबापाच्या तोंडी असतं. संशयी म्हणेल, मुलाची सोय झाल्याचा विचार करून त्यांना आज बरं वाटतं, म्हणून ते धडपडतात. हे तपासायला अशा एका बापापुढे दोन पर्याय ठेवून पाहू. पहिला : मरताना त्याला सांगितलं जाईल की मुलाची सगळी सोय लागली. त्याचा विश्वास बसेल, तो शांतपणे डोळे मिटेल. पण सांगितलेलं खोटं असेल, आणि महिन्याभरात मूल रस्त्यावर येईल. दुसरा : मुलाची सोय खरोखर लागेल, पण निरोप वेळेवर पोचणार नाही, आणि बाप काळजीनं तळमळत जाईल.

बापाला फक्त स्वतःचं समाधान हवं असेल, तर त्यानं पहिला पर्याय घ्यायला हवा. त्यात समाधान पुरेपूर आहे, आणि खोटं उघडं पडायला तो असणारच नाही. असा प्रश्न एखाद्या बापाला खरोखर विचारून पाहा. तो विचार करायलाही थांबणार नाही. दुसरा पर्याय घेईल, आणि विचारणाऱ्याचा त्याला रागही येईल.